टू-स्ट्रोक यंत्रातील तेलाचे प्रमाण
(आपल्या कोळी ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आम्ही आयुष्यभर शाळेत त्रैराशिक शिकविले. ‘गुरुजी, या गणिताचा दर्यावर काय उपयोग?’ असा प्रश्न आपल्याच मुलांनी आम्हांस वर्गात अनेकदा केला. त्याचे उत्तर आज देण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या वाडवडिलांच्या होड्या शीड व वल्हे यांवर चालत. आज लहान होडीच्या पाठीमागे आउटबोर्ड यंत्र लावलेले असते. अमेरिकेत मिलवॉकी येथे ओले एव्हिन्रूड या गृहस्थांनी 1909 साली असे यंत्र विक्रीस आणले व ते लोकप्रिय केले. आपल्या किनाऱ्यावर यांतील पुष्कळशी यंत्रे टू-स्ट्रोक जातीची आहेत. ती वजनाने हलकी, रचनेने साधी व दुरुस्तीस सोपी असतात. परंतु या साधेपणाची एक अट आहे, आणि तीच आजचा विषय होय.

फोर-स्ट्रोक यंत्राच्या तळाशी तेलाचे स्वतंत्र कोठार असते. तेच तेल पुनःपुन्हा फिरून यंत्राच्या सर्व भागांस वंगण देते. सामान्य टू-स्ट्रोक यंत्रास असे कोठार नसते. त्यात पेट्रोल प्रथम दट्ट्याखालच्या पोकळीत येते व तेथून वर जाऊन पेटते. पेट्रोलात तेल मिसळलेले असेल तर वाटेत बेअरिंगांवर व सिलिंडरच्या भिंतीवर त्याचा पातळ थर बसतो. उरलेले तेल जळून धुरावाटे निघून जाते. अर्थात, यंत्रास प्रत्येक क्षणी नवे तेल हवे आणि ते पेट्रोलाबरोबरच पोचले पाहिजे. नुसते पेट्रोल घातल्यास दट्ट्या कोरडा घासतो, तापून फुगतो व सिलिंडरमध्ये घट्ट धरतो. यंत्र बंद पडते, आणि ते पुष्कळदा किनाऱ्यापासून दूर, वारा खडकाकडे लोटीत असतानाच बंद पडते.

आता गणिताकडे वळू. हल्लीच्या पुष्कळ यंत्रांच्या पुस्तिकेत 50:1 असे प्रमाण दिलेले असते. याचा अर्थ पन्नास भाग पेट्रोलास एक भाग तेल. एक लिटर म्हणजे 1000 मिलिलिटर. त्यास 50 ने भागले की 20 उरतात. म्हणून एका लिटरास 20, पाच लिटरांस 100, दहा लिटरांस 200 आणि 24 लिटरांच्या टाकीस 480 मिलिलिटर तेल लागते. येथे एक चूक वारंवार होते. 50 हा आकडा पाहून काहीजण लिटरमागे 50 मिलिलिटर तेल ओततात. ते प्रमाण 20:1 झाले, म्हणजे तेल अडीचपट पडले. नव्या यंत्रास पहिले दहा तास 25:1, म्हणजे लिटरास 40 मिलिलिटर द्यावे, असे अनेक पुस्तिका सांगतात. काही जुन्या यंत्रांस नेहमीच जास्त तेल लागते. म्हणून शेजाऱ्याच्या यंत्राचे प्रमाण आपल्या यंत्रास लावू नये. आपलीच पुस्तिका पाहावी. फोर-स्ट्रोक यंत्राच्या पेट्रोलात तर तेल मुळीच मिसळू नये.

‘थोडे जास्त पडले तर बिघडले कोठे?’ असे कोणी म्हणेल. जास्त तेल पुरते जळत नाही. धूर होतो, स्पार्क प्लगवर काजळी चढते, जाळे ओढताना मंद गतीत यंत्र अडखळते, आणि पुन्हा सुरू करताना दोरी ओढून खांदे भरून येतात. कमी तेलाने यंत्र मरते, जास्त तेलाने आजारी पडते, एवढाच भेद.

आपल्या तांडेलांचा अंदाज जगात कोणासही हेवा वाटावा असा आहे. उधाण व भांग, मतलई व खारा वारा, पाण्याचा रंग, यांवरून ते जे ओळखतात ते पुस्तकात सापडणार नाही. परंतु हा अंदाज पिढ्यान्‌पिढ्या दर्याशी बोलून आलेला आहे. यंत्राशी आपला परिचय तेवढा जुना नाही, आणि ते आगाऊ सूचनाही फारशी देत नाही. जेथे डोळा अनुभवी आहे तेथे डोळ्यावर विसंबावे. जेथे माप उपलब्ध आहे तेथे माप वापरावे. मापाच्या भांड्याने नाखव्याचा मान कमी होत नाही.

तेलाची जातही पाहावी. स्कूटरचे टू-स्ट्रोक तेल हवेने थंड होणाऱ्या, अधिक तापणाऱ्या यंत्रासाठी असते. आउटबोर्ड यंत्र समुद्राच्या पाण्याने थंड होते. त्यास जळल्यावर राख न ठेवणारे तेल लागते. डब्यावर टीसी-डब्ल्यू3 अशी खूण असेल तर ते अशा यंत्राचे तेल समजावे.

मिश्रण करण्याची रीत अशी. टाकी होडीतून काढून जमिनीवर ठेवावी, कारण पेट्रोलाची वाफ हवेहून जड असून होडीच्या तळाशी साचते. जवळपास विडी, चूल वा दिवा नसावा. प्रथम थोडे पेट्रोल घ्यावे, त्यात मोजलेले सर्व तेल ओतावे, झाकण लावून चांगले हलवावे. मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवावे. भरल्या टाकीवर शेवटी तेल ओतून तसेच निघू नये. टाकीवर मिश्रणाची तारीख लिहावी.

तारखेचे महत्त्व पावसाळ्यात कळते. 1 जून ते 31 जुलै आपल्या राज्यात यांत्रिक नौकांस मासेमारी बंद असते. मे महिन्यातले मिश्रण टाकीत तसेच ठेवून नारळी पौर्णिमेनंतर त्यावरच होडी लोटणे धोक्याचे आहे. जुने पेट्रोल विटते. शिवाय 2025 पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल पाणी शोषते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह तळाशी बसते व तेल वरच्या पेट्रोलात राहते. यंत्राची नळी तळातूनच ओढते! म्हणजे माप अचूक असूनही यंत्रास तेल मिळत नाही. अनेक आउटबोर्ड यंत्रांच्या पुस्तिकांत इथेनॉलाची मर्यादा 10 टक्केच सांगितलेली असते. यास्तव आपल्या यंत्राविषयी जाणकार कारागिरास विचारावे, पाणी वेगळे करणारी गाळणी बसवावी, आणि काही दिवसांत संपेल तेवढेच मिश्रण करावे. बंदीपूर्वी टाकी रिकामी करून कोरडी ठेवावी. विटलेले मिश्रण खाडीत ओतू नये. ज्या पाण्यात आपली मासळी वाढते तेच ते पाणी होय.

शेवटी आमच्या भगिनींस एक विनंती. मासळीचा हिशेब आपल्या हाती असतो. त्या हिशेबातून तेलाच्या पैशांत काटकसर करू देऊ नका, आणि मापाचे एक भांडे घरातून द्या. तेलाचा खर्च थोडा असतो. धरलेल्या दट्ट्याची दुरुस्ती कित्येक दिवसांची मासळी खाते, आणि बंद यंत्रासह वाहत गेलेल्या मुलाची वाट पाहणे कोणाच्याही नशिबी येऊ नये. होडीत वल्ह्यांची एक जोडी मात्र सदैव असू द्यावी. यंत्र कितीही चांगले असो.