लोखंडी पुलापलीकडचे रान

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विलायतेचा एखादा अनुभव सांगा असे फर्मावले, तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. लंडनची वर्णने ऐकून आपले कान किटले आहेत. म्हणून मी आज राजवाड्याविषयी न बोलता रानातल्या एका पायवाटेविषयी बोलणार आहे. वाट उणीपुरी दोन तासांची. पण तिने माझ्या मनातली पुष्कळ वर्षांची एक गाठ सोडवली.

माझी लेक बर्मिंगहॅमला असते. २०२३ च्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. एका रविवारी ती म्हणाली, "आई, आज तुला रान दाखवते." श्रॉपशायर परगण्यात सेव्हर्न नदीच्या दरीत आयर्नब्रिज नावाचे गाव आहे. गावाला नाव पडले ते तेथल्या पुलावरून. बिडाच्या लोखंडाचा एवढा मोठा पूल जगात प्रथम तेथे उभा राहिला. १७७९ साली सांगाडा उभारला आणि १७८१ च्या पहिल्या जानेवारीला तो रहदारीस खुला झाला. त्यात सुमारे ३७८ टन लोखंड आहे. जकातीचा जुना फलक अजून तेथे आहे. सैनिक असो की राजघराण्यातला कोणी असो, माफी नाही, असे त्यावर स्पष्ट लिहिले आहे!

पूल ओलांडला की समोरच बेन्थॉल एज नावाचे चढावरचे रान लागते. पायथ्याची सपाट वाट म्हणजे पूर्वीची आगगाडीची सडक. १९६३ साली गाडी बंद झाली. वर चढू लागलो तो चहूकडे रानलसणीचा वास! पांढऱ्या फुलांचा नुसता सडा. पाखरे बोलत होती. मी म्हटले, "काय ग, किती निर्मळ जागा! माणसाचा हात लागलेला दिसत नाही."

लेक हसली. म्हणाली, "आई, जरा पायाखाली पाहा."

पाहिले, तर वाटेकडेला खोल खड्डे, त्यांत वाढलेली झाडे. पुढे चुनखडीची उभी कापलेली कडा. ही सारी खाण होती. नदीकाठी चुन्याच्या भट्ट्या होत्या. उतारावरून रुळांच्या वाटेने दगड खाली जात असे. काही दगड भट्टीत भाजून चुना होई, काही लोखंडाच्या भट्टीत पडे. खनिजातला मळ बाजूला काढायला चुनखडी लागते. त्या दगडात शिंपले आणि पोवळी दिसतात, कारण सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी तेथे उबदार उथळ समुद्र होता.

आता भगिनींनो, आपल्या स्वयंपाकघराशी या दरीचा काय संबंध, ते सांगते. अब्राहम डार्बी नावाचा गृहस्थ १७०८ च्या सुमारास पलीकडच्या कोलब्रुकडेल येथे आला, तो तोफा करायला नव्हे, तर स्वयंपाकाची बिडाची भांडी ओतायला. तोवर लोखंड गाळायला लाकडी कोळसा लागे. त्यासाठी झाडे बुंध्याशी तोडायची आणि पुन्हा फुटवे येऊन वाढेपर्यंत वर्षानुवर्षे थांबायचे. दगडी कोळसा मुबलक होता, पण त्यातल्या गंधकाने लोखंड बिघडे. डार्बीने १७०९ साली तो आधी भाजून, त्याचा कोक करून भट्टीत घातला आणि जमले! आपल्या घरच्या बिडाच्या तव्याचे हे नातेवाईक म्हणायचे. आणि हा शोध कसा लागला हे आपल्याला कळते ते बरेचसे त्याच्या सुनेच्या, अबाया डार्बी हिच्या एका पत्रावरून. घरचा इतिहास सुनेने लिहून ठेवला, म्हणून जगाला ठाऊक झाला.

परंतु मला खरी थांबवणारी गोष्ट पुढेच होती. चालता चालता लेकीने सांगितले, की या भागातल्या खाणींवर मुली आणि बायका कामाला असत. खनिज निवडायचे, टोपल्या भरायच्या, डोक्यावरून वाहायच्या. उन्हाळ्यात त्यांतल्या कित्येकजणी लंडनच्या आसपासच्या मळ्यांत जात आणि स्ट्रॉबेरीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन मैलोगणती चालत बाजारात पोचवीत. पुलाचा आराखडा करणाऱ्याचे नाव आहे, लोखंड ओतणाऱ्याचे नाव आहे. या बायकांची नावे बहुधा कोठेच नाहीत.

मी तेथल्या दगडावर बसले. लेकीला वाटले, मला दम लागला. मी तिला म्हटले, "तुझी आजी खडी फोडायची."

ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. आपल्या मंडळातही नाही. माझे वडील पी. डब्ल्यू. डी. त होते, एवढेच मी सांगत असे. ते खोटे नव्हते. ते मुकादमाच्या हाताखाली मजूर होते. आई घाटरस्त्याच्या कामावर डोक्याला चुंबळ लावून घमेली वाही. तिच्या अंगठ्याचे नख हातोडीने गेलेले होते, ते पुन्हा आले नाही. मी शिकले, नोकरीला लागले, आणि आईचे हात चारचौघांत दिसू नयेत म्हणून धडपडले. आज ती नाही. तिची क्षमा मागायची राहून गेली.

लेक थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, आपण दर मे महिन्यात त्याच रस्त्याने गावी जायचो ना? मग मला सांगितले का नाहीस?" मला उत्तर देता आले नाही.

त्या रानाच्या टोकाशी विजेचे मोठे कारखान्याचे ठाणे होते. ते २०१५ साली बंद झाले, आणि २०१९ च्या डिसेंबरात त्याचे चार उंच मनोरे सुरुंग लावून पाडले. कारखाने येतात नि जातात. खाणीवर रान पुन्हा उगवते, हे चांगलेच आहे. पण रान उगवले म्हणून त्याखालचे कष्ट विसरावे असे नाही. तेथल्या लोकांनी खड्डे बुजवले नाहीत, वाट राखली आहे. १९८६ पासून ही सारी दरी जागतिक वारसा म्हणून गणली जाते.

म्हणून माझी एक लहानशी सूचना आहे. आपल्या सभागृहाच्या भिंतीवर देणगीदारांची नावे आहेत, ती असावीतच. पण हे सभागृह बांधताना विटा वाहणाऱ्या ज्या बायका होत्या, त्यांतल्या काही अजून पलीकडच्या वस्तीत राहतात. पुढच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलवावे, त्यांची नावे विचारून घ्यावीत आणि येत्या स्मरणिकेत छापावीत. आणि आपल्यापैकी जिच्या आईने, सासूने, आजीने अशी कामे केली असतील, तिने ती मोकळेपणी सांगावी. माझ्यासारखी उशीर करू नये.