चाकांचा खटका

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या लष्करी विमानदळाला एका चमत्कारिक अपघातानें बेजार केलें होतें. विमान सुखरूप उतरे, धांवपट्टीवर धांवूं लागे आणि मध्येंच त्याचीं चाकें आंत मिटून तें पोटावर घसरत जाई. चाकांची यंत्रणा उघडून पाहावी, तर तींत बिघाड सांपडत नसे. यंत्र निर्दोष ठरलें कीं उरतो तो माणूस. तेव्हां चौकशीच्या कागदावर 'वैमानिकाची चूक' हे दोन शब्द पडत आणि प्रकरण मिटे. वैमानिकाच्या नांवाला लागलेला हा डाग लहान नव्हे.

१९४३ सालीं ओहायोमधील राइट फील्ड येथील वैद्यकीय प्रयोगशाळेंत अल्फोन्स चपॅनिस नांवाचे तरुण मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनीं या प्रकरणांत लक्ष घातलें. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, हा अपघात बी-१७, बी-२५ आणि पी-४७ या विमानांना होतो. सी-४७ या वाहतुकीच्या विमानाच्या वैमानिकांना तो सहसा ठाऊक नाहीं. मग एका विमानांत माणसें वेंधळीं आणि दुसऱ्यांत शहाणीं कशीं ठरावीं?

उत्तर वैमानिकाच्या हाताजवळच होतें. उतरतांना वेग आंवरण्यासाठीं पंखांच्या मागील कडेच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, खालीं सोडतात आणि जमीन लागल्यावर वर घेतात. या झडपांचा खटका आणि चाकांचा खटका अगदीं शेजारीं, हाताला सारखेच लागणारे. थकलेल्या वैमानिकाची नजर धांवपट्टीवर. हात आपला संवयीनें जाई आणि भलत्याच खटक्यावर पडे. साखरेचा व मिठाचा डबा एकाच घाटाचा, एकाच फळीवर असला, तर चहा कधीं तरी खारट होणारच. त्यासाठीं गृहिणीला बोल लावणारा पाहुणा असमंजस म्हणावा लागेल. सी-४७ मध्यें हीं दोन साधनें निराळ्या धर्तीचीं होतीं.

उपाय अगदींच स्वस्त निघाला. चाकांच्या खटक्याच्या टोंकाला रबराची धांव असलेलें छोटेंसें चाक आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखें टोंक बसविण्यांत आलें. न पाहतांहि बोटांना फरक कळूं लागला.

पुढें १९४७ सालीं पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनीं अशा ४६० चुका तपासल्या. त्यांतील सुमारें निम्म्या एका खटक्याऐवजीं दुसऱ्याला हात घातल्याच्या होत्या. अहवालाच्या शीर्षकांत 'वैमानिकाची चूक' हे शब्द त्यांनीं अवतरणचिन्हांत घातले. तें सहेतुकच असावें. आज अमेरिकेंतील मोठ्या वाहतूक-विमानांच्या नियमांत चाकांची मूठ चाकाच्या आकाराची व फ्लॅपची मूठ पंखाच्या छेदाच्या आकाराची असावी, असें बजावलेलें आहे.