वानरांचा आहार आणि पोटातील अदृश्य सोबती
(भाषणाचा मजकूर)



पेण आणि रोहा तालुक्यांतील डोंगरउतारांवर वानरांच्या टोळ्या नवीन नाहीत. रोहा व मुरूड तालुक्यांत पसरलेल्या फणसाड अभयारण्याची, म्हणजे जंजिरा संस्थानच्या एकेकाळच्या शिकारक्षेत्राची, घोषणा 1986 साली झाली. आई मेलेले एखादे पिलू घरी आणून दूध-भाकरीवर वाढविले जाते आणि मोठे होऊन ते चावू लागले की रानात सोडून दिले जाते. हेतू चांगला असला, तरी रान दिसले म्हणून त्या जनावराला पोट भरता येईलच असे नाही.

पोटातील कारखाना

काळ्या तोंडाचे वानर हे प्रामुख्याने पाला खाणारे आहे. त्याचे जठर अनेक कप्प्यांचे असते. गुराप्रमाणेच त्यात कोट्यवधी सूक्ष्म जंतू पाल्यातील तंतू कुजवितात आणि त्यातून वानरास शक्ती मिळते. लाल तोंडाच्या माकडाचे पोट साधे असते; त्याचे जंतू मुख्यतः मोठ्या आतड्यात काम करतात. गाईला सुक्या पेंढ्यावरून एकदम भरपूर दाण्यावर आणले, तर पोटात आम्ल वाढून ती आजारी पडते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. पाव, बिस्किटे आणि गोड फळे यांनी वानराचेही तसेच होते.

पिंजऱ्यात राहून या जंतूंत काय फरक पडतो? डूक व हाउलर या पाला खाणाऱ्या दोन जातींचा अभ्यास अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 2016 साली प्रसिद्ध केला. बंदिवासात त्यांचे मूळचे जंतू कमी झाले आणि माणसाच्या आतड्यात आढळणाऱ्या जंतूंचे प्राबल्य वाढले. तंतुमय पाल्याची उणीव हे त्याचे एक प्रमुख कारण दिसून आले. केनियातील बबूनांमध्ये, एकमेकांचे केस विंचरणाऱ्या जोडीदारांचे जंतू अधिक सारखे असल्याचे 2015 साली आढळले. म्हणजे एकट्या वाढलेल्या पिलाला टोळीकडून मिळणारा हा वारसाही अंतरतो.

सोडण्यापूर्वीची तयारी

ब्राझीलमध्ये 1984 पासून सोनेरी टॅमरिन माकडे रानात सोडण्यात आली. प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या प्रारंभीच्या माकडांपैकी पुष्कळ दगावली. अन्न शोधणे त्यांना ठाऊक नव्हते. पुढे सोडल्यानंतरही त्यांना खाद्य पुरविण्यात आले आणि रानात जन्मलेली पिढी तग धरू लागली. यावरून बोध घ्यावयाचा तो असा : जेथे सोडावयाचे त्या रानातील पाला, कळ्या व कच्ची फळे यांची सवय टप्प्याटप्प्याने लावावी, शक्यतो स्वजातीयांच्या संगतीत ठेवावे, रोगतपासणी करावी आणि सोडल्यावर लक्ष ठेवावे. हे काम वन विभाग व पशुवैद्यकांचे आहे, हौशी माणसाचे नव्हे.

गावाचे कर्तव्य

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये संमत झाला. माकडांच्या खेळांवर 1998 च्या केंद्रीय अधिसूचनेने बंदी आली व सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये ती वैध ठरविली. जखमी वा पोरके पिलू आढळल्यास वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. ग्रामपंचायतींनी उघड्यावरील उष्टे-खरकटे आवरावे. शिक्षकांनी मुलांना सांगावे की, रस्त्याकडेच्या वानराला बिस्किट देणे ही भूतदया नव्हे. त्याचे रान आणि त्याचा पाला राखणे, हीच खरी दया होय.