डीएनएस बदलल्यानं इंटरनेट पळतं का?

घरातलं इंटरनेट रेंगाळायला लागलं की एक सल्ला हमखास मिळतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जा, डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ टाका आणि बघा कसं पळतंय ते! काम दोन मिनिटांचं, खर्च शून्य, म्हणून लोक करूनही पाहतात. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: डाउनलोडचा वेग यानं वाढत नाही. काही घरांत फरक जाणवतो, पण तो वेगळा फरक आहे.

आपण ब्राउझरमध्ये संकेतस्थळाचं नाव लिहितो, पण संगणकाला लागतो आकड्यांतला पत्ता. नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. अमेरिकेत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये तिचा आराखडा मांडला. त्याआधी जाळ्यातल्या सगळ्या संगणकांची नावं एकाच फाइलीत असत आणि ती फाइल कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत सांभाळली जाई.

एका नावाची चौकशी सहसा काही मिलिसेकंदांत उरकते. मिळालेला पत्ता आपला फोन किंवा संगणक काही काळ लक्षातही ठेवतो. त्यानंतर सिनेमा किंवा फाइल येते ती थेट त्या पत्त्यावरून. डीएनएसचा तिथे संबंधच उरत नाही. पत्ता लवकर सापडला म्हणून रस्ता रुंद होत नाही. १०० एमबीपीएसची जोडणी घेतली असेल, तर डीएनएस कोणताही असो, ती तेवढीच राहते.

मग काहींना फरक का पडतो? बातम्यांचं एखादं पान उघडताना मजकूर, छायाचित्रं आणि जाहिराती मिळून कितीतरी नावांची चौकशी होते. तुमच्या इंटरनेट कंपनीचा डीएनएस सर्व्हर संथ असेल, तर पान कोरं राहतं. खूण लक्षात ठेवा: पान उघडायला वेळ लागतो, पण व्हिडिओ एकदा सुरू झाला की अडखळत नाही. असं असेल तर डीएनएस जरूर बदलून पाहा. क्वचित उलटंही घडतं. मोठ्या कंपन्या आपल्या व्हिडिओंच्या प्रती ठिकठिकाणी ठेवतात, आणि कुठली प्रत द्यायची हे पुष्कळदा चौकशी कुठून आली त्यावर ठरतं. बाहेरच्या डीएनएसमुळे कधी लांबची प्रत मिळते.

वेगापेक्षा मला विश्वासाचा प्रश्न मोठा वाटतो. तुम्ही कुठली संकेतस्थळं उघडता, ते तुमच्या डीएनएसला कळतं, आणि त्यानं खोटा पत्ता दिला तर तुम्ही भलत्याच ठिकाणी पोहोचता. हे घडलेलं आहे. डीएनएसचेंजर नावाच्या घातक प्रोग्रॅमनं जगभरातल्या सुमारे ४० लाख संगणकांची ही सेटिंग गुपचूप बदलली होती. अमेरिकेच्या एफबीआयनं २०११ च्या नोव्हेंबरमध्ये त्यामागची टोळी उघडकीला आणली. तेव्हा टोळीचे डीएनएस सर्व्हर एकदम बंद केले असते तर लाखो लोकांचं इंटरनेटच थांबलं असतं, म्हणून त्यांच्या जागी चांगले सर्व्हर बसवून ते जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले. म्हणून ‘वेग वाढवतो’ म्हणणाऱ्या अनोळखी ॲपच्या हाती ही सेटिंग देऊ नका. बदलायचीच असेल तर गूगलचा ८.८.८.८, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ किंवा क्वाड नाइनचा ९.९.९.९ यांपैकी एक घ्या, आणि जुनी सेटिंग आधी कागदावर लिहून ठेवा.

पण त्याहीआधी एक करा. लॅपटॉप लॅन केबलनं थेट राउटरला जोडा आणि वेग मोजा. केबलवर पूर्ण वेग मिळत असेल, तर अडचण बहुधा वाय-फायमध्ये आहे. राउटर कपाटातून बाहेर काढा, जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचा बँड वापरा. केबलवरही वेग कमीच दिसला, तर तो आकडा वेळेसकट टिपून ठेवा आणि कंपनीकडे तक्रार करताना तोच सांगा.