एक प्रवास, एक भाडे
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



पुण्यात बसच्या तिकिटाचा विषय निघाला की चर्चा लगेच यंत्राकडे वळते. कार्ड कोणत्या बँकेचे, मोबाइलवरचे ॲप कसे, मेट्रोच्या फाटकावर कोणता संकेत दाखवायचा, यावर तासन् तास बोलले जाते. तिकीट किती रुपयांचे असावे आणि ते कोणत्या तत्त्वावर आकारावे, हा प्रश्न मात्र मागे पडतो. एकात्मिक इलेक्ट्रॉनिक तिकीट या शब्दांतील ‘इलेक्ट्रॉनिक’ हा शब्द सर्वांना ऐकू येतो; ‘एकात्मिक’ हा शब्द कोणालाच ऐकू येत नाही. वस्तुतः श्रमिकांचे हित दुसऱ्याच शब्दात आहे.

थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १९५० साली पुणे महानगरपालिकेने शहराची बससेवा आपल्या हाती घेतली. वाहतूक ही नफ्याची बाब नसून पाणी आणि दिवाबत्तीसारखी नागरी सेवा आहे, हा विचार त्या निर्णयात अनुस्यूत होता. २००७ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील दोन्ही परिवहन उपक्रमांचे विलीनीकरण होऊन पुणे महानगर परिवहन महामंडळ, म्हणजे पीएमपीएमएल, अस्तित्वात आले. ६ मार्च २०२२ रोजी मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. २०२४ च्या सप्टेंबरात ती भुयारातून स्वारगेटपर्यंत पोहोचली. बस महामंडळाची, मेट्रो महामेट्रोची, परगावची गाडी एसटीची; हिंजवडी ते शिवाजीनगर या मार्गिकेचा तर करारच खाजगी भागीदारीचा. मालक अनेक, प्रवासी मात्र एकच. घरून निघालेला माणूस संस्थेसंस्थेने प्रवास करीत नाही. त्याला कामाच्या ठिकाणी पोहोचायचे असते.

पैसे देण्याच्या पद्धतीत गेल्या काही वर्षांत खरोखरच बदल झाला. ४ मार्च २०१९ रोजी केंद्र सरकारने देशभर चालणारे प्रवास कार्ड जाहीर केले. २०२३ साली पुणे मेट्रोने त्याच जातीचे ‘एक पुणे कार्ड’ आणले. त्याच वर्षी पीएमपीच्या बसमध्ये वाहकाजवळचा संकेत मोबाइलने टिपून भाडे देता येऊ लागले आणि २०२४ च्या १५ ऑगस्टला महामंडळाचे ॲप आले. ‘सुट्टे द्या’ यावरून वाहक आणि प्रवासी यांत रोज उडणारे खटके त्यामुळे कमी झाले. ही सोय लहान नव्हे आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु पैसे देण्याची रीत बदलली म्हणून भाड्याचा न्याय बदलत नाही. दोन तिकिटे एकाच कार्डातून कापली गेली तरी ती दोनच राहतात.

हा न्याय कसा बिघडतो, ते हिशेबानेच पाहावे. १ जून २०२५ रोजी लागू झालेल्या दरपत्रकाने पीएमपीचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. पाच किलोमीटरपर्यंत दहा, दहापर्यंत वीस, पंधरापर्यंत तीस, असे टप्पे ठरले. आता समजा, एखादी घरकाम करणारी बाई कामाच्या घरापासून बारा किलोमीटरवर राहते. थेट बस असेल तर तिला तीस रुपये पडतात. थेट बस नसेल आणि सहा किलोमीटरवर गाडी बदलावी लागली तर वीस आणि वीस, असे चाळीस पडतात. अंतर तेच, रस्ता तोच. येताजाता वीस रुपयांचा हा भुर्दंड कशाबद्दल? तिच्या वस्तीवरून थेट बस सोडणे प्रशासनाला सोयीचे वाटले नाही, एवढ्याबद्दल. मार्ग आखणाऱ्यांची अडचण आणि दंड मात्र प्रवाशाला, असा हा कारभार आहे.

मेट्रोच्या विस्ताराबरोबर हा भुर्दंड कमी न होता वाढण्याचा संभव आहे. मेट्रो ही मुख्य धमनी आणि बस तिला प्रवासी आणून देणारी उपवाहिनी, अशी नियोजनाची दिशा आहे. ती शास्त्रीयदृष्ट्या चुकीची नाही. पण तिचा अर्थ असा की ज्याला एका बसने जाता येत होते, त्याला उद्या बस, मेट्रो आणि पुन्हा बस असे तीन वेळा चढावे लागेल. प्रत्येक चढण्याला नवे किमान भाडे लागणार असेल, तर आधुनिक वाहतुकीचा खर्च शहराच्या कडेला फेकल्या गेलेल्या माणसाच्या खिशातून निघेल. पेठांतून आणि मध्यवस्तीतून घरभाडे परवडत नाही म्हणून जो दूर राहावयास गेला, त्यालाच ही दुसरी शिक्षा.

यावर कोणी म्हणेल, पास आहे की! पास आहे, हे खरे. दोन्ही महापालिकांच्या हद्दीत दिवसाचा पास सत्तर रुपयांना आणि महिन्याचा पंधराशे रुपयांना, असे त्याच दरपत्रकात ठरले. वरील बाईने पास काढला तर तिचे ऐंशीचे सत्तर होतील. पण मजूर अड्ड्यावर पहाटे उभा राहणारा माणूस आज काम मिळेल की नाही, मिळाले तर कोणत्या टोकाला, हे जाणत नाही. सकाळी सत्तर रुपये मोजणे त्याच्या दृष्टीने जुगार आहे. महिन्याच्या पासाचे तर विचारूच नका. महिन्यातून सव्वीस दिवस दिवसाचा पास काढणाऱ्यास अठराशे वीस रुपये पडतात. ज्याच्याजवळ एक तारखेला पंधराशे रुपये रोख असतात, त्याचे तीनशे वीस वाचतात. एकरकमी पैसे असलेल्यास प्रवास स्वस्त आणि रोजच्या कमाईवर जगणाऱ्यास महाग! १९६३ साली डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत तीन आण्यांचा हिशेब मांडला, तो सरासरीच्या आड दडलेला माणूस दिसावा म्हणून. तिकिटाच्या दरपत्रकालाही त्याच नजरेने वाचले पाहिजे.

आणि नेमके इथेच यंत्राचे खरे मोल आहे. लंडनमध्ये २००५ पासून प्रवास कार्डाला दिवसाची कमाल मर्यादा आहे. प्रवासी चढेल तसे भाडे कापले जाते. कापलेली रक्कम ठरलेल्या मर्यादेला पोहोचली की उरलेल्या दिवसाचा प्रवास फुकट. आधी पास काढण्याची गरज नाही, सकाळी अंदाज बांधण्याची गरज नाही. हीच मर्यादा महिन्याला लावली तर पुण्यातला रोजंदार, एकरकमी पैसे न भरताही, पंधराशेच्या वर एक पैसा देणार नाही. कागदी तिकिटाला हा हिशेब ठेवता येत नाही, यंत्राला येतो. यंत्राचे स्वागत करावयाचे ते या कारणासाठी.

मात्र एकत्र भाडे यंत्रावाचून अशक्य असते, असे नाही. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात १९६५ साली वेगवेगळ्या वाहतूक संस्थांचा संघ स्थापन झाला आणि रेल्वे, भुयारी गाडी व बस यांना एकच भाडेपद्धती लागू करण्यात आली. तेव्हा आजच्यासारखी कार्डे कोठे होती? इच्छा होती. ब्राझीलमध्ये साओ पावलो शहरात २००४ साली, कामगार पक्षाच्या मार्ता सुप्लिसी महापौर असताना, बससाठी एकल तिकीट आले. एकदा भाडे दिले की दोन तासांत हव्या तेवढ्या बस बदलाव्यात. दूरच्या वस्त्यांतून दोन-तीन गाड्या बदलून येणाऱ्या कामगाराला त्याचा सर्वांत मोठा लाभ झाला. खुद्द पुण्यात २०२१ साली मध्यवर्ती पेठांसाठी ‘पुण्यदशम’ योजना निघाली तेव्हा दहा रुपयांत दिवसभर फिरण्याची मुभा होती. पेठांत जे सुचले, ते वडगाव, लोहगाव, चिखलीच्या रहिवाशांसाठी का सुचू नये?

तोट्याचा आक्षेप प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. एकत्र भाड्याने आरंभी काही उत्पन्न घटेल, हे लपविण्याचे कारण नाही. पीएमपीची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका साठ-चाळीस प्रमाणात सोसतात. ती वाढली तर अंदाजपत्रकात उघडपणे तरतूद करावी. उड्डाणपुलावरून धावणाऱ्या मोटारीकडून पालिका टप्प्याटप्प्याने भाडे घेत नाही आणि पुलाला कोणी तोट्यातला म्हणत नाही. शिवाय महामंडळाच्या भाडेतत्त्वावरील बसच्या ठेकेदाराला पैसे मिळतात ते किलोमीटरवर, तिकिटावर नव्हे. म्हणजे तिकिटाचा दर ठरविण्याचा अधिकार आजही सार्वजनिक संस्थेच्याच हाती आहे. अडचण ठेकेदाराची नाही, धैर्याची आहे. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणाने महानगरासाठी एकात्म वाहतूक प्राधिकरण आवश्यक मानले. अशा प्राधिकरणाने बैठका घ्याव्यात आणि भाडे मात्र प्रत्येक संस्थेने वेगळे ठरवावे, यात एकात्मता कोठे राहिली?

पर्यटनाचे नाव घेऊन ही योजना मांडली जाते, तेव्हा पर्यटक कोण, हेही विचारावे. शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, केळकर संग्रहालय पाहणारा पाहुणा पर्यटक आहेच; पण देहू-आळंदीला येणारा वारकरी, मुलाला कॉलेजात घालण्यासाठी आलेला मराठवाड्यातला शेतकरी, ससूनमध्ये नातलगाला घेऊन आलेले कुटुंब हेही या शहराचे पाहुणे आहेत. त्यांना ॲप नको, स्वारगेटला एसटीतून उतरताच हाती पडणारे साधे तिकीट हवे. जिनिव्हात हॉटेलात उतरणाऱ्यास मुक्कामापुरते शहर वाहतुकीचे कार्ड विनामूल्य मिळते. पुण्याने तेच धर्मशाळेपर्यंत न्यावे. मात्र तिकिटाआधी गाडी हवी. सिंहगडावर २०२२ च्या मे महिन्यात खाजगी वाहने बंद करून विजेच्या बस सुरू झाल्या आणि काही आठवड्यांतच तो प्रयोग थांबवावा लागला. घाट, रस्ता आणि बसची संख्या यांचा मेळ नसेल तर सुंदर तिकीट घेऊन माणूस थांब्यावरच उभा राहतो.

धोक्यांविषयी कार्यकर्त्यांनी डोळे उघडे ठेवले पाहिजेत. पहिला धोका रोख पैशाच्या हकालपट्टीचा. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतले जात नाहीत. ती नक्कल इथे नको. पुणे मेट्रोने कार्डधारकांना भाड्यात सवलत देण्याचे धोरण स्वीकारले. अशी सवलत रोखीने देणाऱ्यास नसेल, तर ती बँक खात्याला दिलेली बक्षिसी ठरते. दुसरा धोका वाहकाचा. वाहक केवळ तिकीट फाडीत नाही. तो पाटी न वाचता येणाऱ्याला उतरण्याचे ठिकाण सांगतो, रात्रीच्या गाडीत एकट्या बाईला आधार असतो. यंत्राने त्याचे काम हलके करावे, त्याची भाकरी हिरावू नये. तिसरा धोका माहितीचा. कार्डात माणसाच्या रोजच्या येण्याजाण्याचा आलेख जमा होतो. हाँगकाँगच्या प्रसिद्ध ऑक्टोपस कार्डाच्या कंपनीने सुमारे वीस लाख ग्राहकांची खाजगी माहिती पैसे घेऊन इतरांना दिल्याचे २०१० साली उघड झाले. पुणेकराचा प्रवास हा बाजारात विकावयाचा माल नव्हे.

आणखी एक सावधगिरी. साओ पावलोत एकल तिकीट असतानाही २०१३ साली भाडे वीस सेंटांनी वाढताच लाखो लोक रस्त्यावर उतरले. कार्ड भाववाढीपासून संरक्षण देत नाही. संघटित नागरिकच ते देतात.

तेव्हा मागण्या थोड्या आणि स्पष्ट असाव्यात. बस बदलली, मेट्रोत चढले, तरी दोन तासांपर्यंत प्रवास एकच मानावा आणि भाडे एकूण अंतराचे घ्यावे. दिवसाची व महिन्याची कमाल मर्यादा आपोआप लागू व्हावी. प्रत्येक थांब्याजवळच्या किराणा दुकानात, नाव-पत्ता न विचारता, रोखीने भरता येणारे कार्ड मिळावे. बसमध्ये रोख आणि वाहक दोन्ही राहावेत. माहितीची मालकी सार्वजनिक संस्थेची असावी. आणि हे सर्व ठरण्यापूर्वी वस्त्यावस्त्यांत जनसुनावणी व्हावी.

कार्यकर्त्यांनी येत्या महिन्यात एवढे तरी करावे: आपापल्या वस्तीतल्या वीस घरी जाऊन, कामाला जाताना कोण किती गाड्या बदलतो आणि रोज किती पैसे देतो, ते वहीत लिहून आणावे. पालिकेच्या सभागृहात यंत्राच्या किमतीवर चर्चा सुरू होईल, तेव्हा या वह्या तेथील टेबलावर ठेवल्या गेल्या पाहिजेत.