घरची चूल, घरचं बियाणं आणि आपला प्लॉट

(पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या बैठकीतलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्या पाड्यावर हे वाचून दाखवावं.)



आज आपण वनहक्काच्या दाव्यांवर बोलायला जमलो. पण आधी चुलीवर बोलू. कुणी म्हणेल, जमिनीच्या बैठकीत चुलीचं काय काम? काम आहे.

आपली जमीन कशी जाते ते आठवा. जंगलखात्याची माणसं पीक उपटायला आली तेव्हा आपण आडवे झालो. पण जमीन आणखी एका वाटेने जाते, आणि त्या वाटेवर भांडायला समोर कुणीच नसतं. आषाढात कणगी रिकामी होते. सावकाराकडून खावटी आणतो. गणपतीच्या सुमारास मुकादम येतो, त्याच्याकडून उचल घेतो. भात झोडलं की खावटी फेडण्यात गेलं. दिवाळी झाली की सगळं घर वीटभट्टीवर जगायला जातं. प्लॉटावर माणूस नाही. बांध फुटतो, ढोरं शिरतात. पडताळणीला समिती येते तेव्हा घराला कडी. आम्ही हे आमच्याच पाड्यावर पाहिलं आहे.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे: ज्या घरात पावसाळ्याचं खाणं आहे, त्याला उचल घ्यावी लागत नाही. आणि जे घर उचल घेत नाही, ते जमिनीवर टिकतं.

आता खाण्याचं बघू. भाताच्या मागे लागून आपण नाचणी-वरई कमी केली. नाचणी वरकस जमिनीवर येते, दुकानाचं खत मागत नाही, कणगीत वर्षानुवर्षं किडत नाही. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात 10 च्या आसपास. पोरांची हाडं कशाने मजबूत होतील ते सांगायला नको.

घरामागे मोरीचं पाणी वाया जातं. तिथे अळू आणि केळ लावा. कुडाला शेवगा. मांडवावर दुधी, शिराळी, भोपळा, वाल. चार वांगी, चार मिरच्या. बी घरचंच धरा. पहिलं चांगलं फळ खाऊ नका, बियाण्याला ठेवा. बी नीट वाळवून राखेत घोळा आणि चुलीच्या वर धुरात टांगा. दुकानातलं संकरित बी पुढच्या वर्षी तसंच येत नाही, दरसाल पैसे मागतं.

आणि जंगलातलं सोडू नका. शेवळं काकडं घालून कशी शिजवायची, कडूकंदाचा कडूपणा पाण्याने कसा काढायचा, हे आपल्या म्हाताऱ्यांना येतं. पोरींना आणि पोरांनाही शिकवा. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपज गोळा करायचा हक्क आहे, त्यात कंदमुळंही आली.

आता सरपण. मोळी आणायची बाईने, वाटेत अडवलं तर बोलणी खायची तीही बाईनेच. म्हणून लाकूड कमी कसं लागेल ते बघू. ओलं लाकूड आधी स्वतःचं पाणी जाळतं, मग भांडं तापवतं. पावसाआधी सरपण फोडून, बारीक करून माळ्यावर टाका. चुलीचं तोंड भांड्यापेक्षा फार मोठं ठेवू नका. भांड्यावर झाकण ठेवा. डाळ, वाल, चवळी रात्री भिजत घाला.

आणि एक करून बघा. मोठ्या टोपलीत सुका पेंढा दाबून भरा, मधे भांड्याएवढी जागा ठेवा. भिजवलेली डाळ चुलीवर दहा-पंधरा मिनिटं चांगली उकळू द्या. झाकण न काढता भांडं पेंढ्यात बसवा, वर पेंढा आणि जाड गोणपाट दाबा. दीड-दोन तासांत डाळ आपल्या वाफेवरच शिजते. भात पाच मिनिटं उकळला की पुरे, मग पाऊण तास टोपलीत. तोवर बाई शेतावर जाऊन येते, चुलीपाशी बसायला नको. फक्त शिजलेलं त्याच वेळेला खा, दिवसभर टोपलीत ठेवू नका, आंबतं.

मागच्या वेळी एका मावशीने विचारलं, "आमच्याकडं आहेच काय, काटकसर करायला?" बरोबर विचारलं. काटकसर म्हणजे कमी खाणं नाही. घरी पिकवतो म्हणून रेशनचा हक्क सोडायचा नाही, रोजगार हमीचं काम मागायचं नाही असंही नाही. ते आपल्या हक्काचंच आहे. पण हक्क मिळेपर्यंत पोट थांबत नाही. आणि दुसरं, परसातलं पाणी एकट्या बाईने ओढायचं असेल तर ती काटकसर नाही, बाईवर आणखी एक मोळी आहे. बाप्यांनी हंडा उचलायला लाजू नये.

आता दाव्याकडे येऊ. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपण ही जमीन कसतो, याचे किमान दोन पुरावे लागतात. कागदच पाहिजे असं नाही. घर, झोपडी, घातलेला बांध, सपाट केलेली जमीन, हेही पुरावे आहेत. गावातल्या म्हाताऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा चालतो. म्हणजे जे घर नांदतं, ज्याचा बांध दरसाल दुरुस्त होतो, त्याचा दावा जमीनच बोलून दाखवते. आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो, हे विसरू नका. फॉर्मवर बाईचं नाव आहे ना, ते आजच बघा.

जाण्याआधी तीन गोष्टी ठरवू. प्रत्येक घराने या पावसात थोडी तरी नाचणी लावायची. ज्याच्याकडे बी आहे त्याने शेजारच्या पाड्याला मूठभर द्यायचं, पैसे न घेता. आणि जी घरं भट्टीवर गेलीच, त्यांचा बांध आणि परस पाड्याने मिळून सांभाळायचा. ती परत येतील तेव्हा जमीन जागेवर असली पाहिजे.

जिंदाबाद!