यंत्राचा ठेका

घरांतील वडील माणूस दिवाणखान्यांत येतो, मुलाच्या खोलींतून येणारा आवाज ऐकतो आणि विचारतो, “हें गाणें आहे कीं पत्र्याचा कारखाना?” प्रश्न रागानें विचारलेला असतो खरा, पण ज्या ध्वनिमुद्रिकेविषयीं आज बोलावयाचें आहे, तिच्या बाबतींत तो अगदीं नेमक्या ठिकाणीं लागतो. ‘गॉडफ्लेश’ या इंग्रज वाद्यमेळानें १९८९ च्या नोव्हेंबरांत ‘स्ट्रीटक्लीनर’, म्हणजे रस्ते साफ करणारा, या नांवाची ध्वनिमुद्रिका काढली. ‘इंडस्ट्रियल मेटल’ म्हणून जो संगीतप्रकार ओळखला जातो, त्याच्या आरंभींच्या आणि फार परिणाम करून गेलेल्या कृतींत तिची गणना होते. इंडस्ट्रियल म्हणजे कारखान्याचें, मेटल म्हणजे धातु. शब्दशः अर्थ घेतला तरी फारसें चुकत नाहीं.

ही ध्वनिमुद्रिका समजण्यास तिचें गांव आधीं पाहिलें पाहिजे. तें गांव बर्मिंगहॅम. अठराव्या शतकांत मॅथ्यू बोल्टन आणि जेम्स वॅट यांनीं वाफेचीं एंजिनें येथूनच दूरदूर पोंचविलीं. गुंड्या आणि टांकांपासून मोटारींपर्यंत सर्व कांहीं घडविणारें म्हणून याला ‘हजार धंद्यांचें शहर’ असें नांव पडलें. अशा शहरांत यंत्राचा आवाज हा पावसाच्या आवाजासारखा असतो. तो ऐकावा लागत नाहीं, तो कानांत असतोच.

याच शहरांत १९६५ सालीं टोनी आयोमी नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यांत कामाला होता. त्याचा तो नोकरीचा शेवटचा दिवस. नेहमींचा माणूस आला नव्हता म्हणून त्याला दाबयंत्रावर बसविलें, आणि यंत्रानें त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तोडून नेलीं. मुलगा डावखुरा, गिटारच्या तारा तो दाबीत असे त्या याच हातानें. पुढें कारखान्यांतील मुकादमानें त्याला जँगो राइनहार्ट याची तबकडी आणून ऐकविली. आगींत हात होरपळून दोन बोटें निकामी झाल्यावरही तो मनुष्य गिटारवादनांत जगप्रसिद्ध झाला होता. आयोमीनें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणें केलीं, त्यांवर चामडें चढविलें, बारीक तारा लावल्या, आणि कांहीं वर्षांनीं त्या सैल करून स्वर पुष्कळ खालीं उतरविला. १९६८ सालीं बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागांतून ‘ब्लॅक सॅबथ’ हा जो वाद्यमेळ निघाला, त्याचा गिटारवादक हाच. आणि ‘हेवी मेटल’ या संगीताचा उगम बहुतेक जाणकार तेथेंच मानतात. त्या जड, खर्जांतल्या नादांत दाबयंत्राचा हिस्सा आहे, ही कवीची कल्पना नव्हे.

जस्टिन ब्रॉड्रिक जन्मला १९६९ सालीं, त्याच शहरांत. पण त्याच्या वांट्याला आलेलें शहर निराळें होतें. १९८२ च्या आरंभीं ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली, आणि बर्मिंगहॅमभोंवतींच्या कारखानदारीच्या मुलखाला त्याचा जबर तडाखा बसला. ज्या यंत्रांनीं बापांचीं बोटें घेतलीं, तीं यंत्रें मुलांना कामही देईनात. महापालिकेनें बांधलेल्या काँक्रीटच्या वसाहतींत हा मुलगा वाढला. सतराव्या वर्षाच्या सुमारास तो ‘नेपाम डेथ’ या वाद्यमेळांत गिटार वाजवीत होता. त्यांच्या १९८७ च्या ‘स्कम’ या तबकडीची पहिली बाजू त्याच्या वादनाची आहे, आणि तीवरील एक गाणें सव्वा सेकंदाच्या आसपास आटोपतें! वेगाची याहून पुढें जागा नव्हती. पुढें दुसऱ्या एका वाद्यमेळांत त्यानें स्वतः ड्रम वाजविले. असा हा हातानें ताल धरणारा मनुष्य १९८८ सालीं जी. सी. ग्रीन या बेसवादकाबरोबर ‘गॉडफ्लेश’ उभा करतो, आणि तालाला माणूस घेतच नाहीं. ड्रमचें काम एका यंत्राकडे सोंपवितो. ‘स्ट्रीटक्लीनर’च्या नामावळींत वादकांच्या नांवांबरोबर ‘मशीन’ असेंही एक नांव छापलें आहे.

येथें आपल्याकडील रसिक थबकेल. गवई समेवर येतो तेव्हां तबलजीचा हात किंचित् जड पडतो, मान हलते. दोघांत एक ओळख असते. या यंत्राला ओळख नाहीं. तें संथ, जड, एकाच मापानें ठोके देत राहतें. त्यावर ग्रीनचा बेस लोखंड फरफटत न्यावें तसा घासत जातो, आणि ब्रॉड्रिकची गिटार कधीं करवतीसारखी चालते, कधीं लांबवर विव्हळत राहते. आवाज तर गाण्याचा नाहींच. दमलेल्या, चिडलेल्या माणसाची ती आरोळी आहे. जात्यावर ओवी म्हणणारी बाई जात्याची घरघर आपल्या श्वासानें चालविते. ती थकली कीं जातें थांबतें. येथें थकवा एकाच बाजूला आहे. ठोका थकत नाहीं, आणि म्हणूनच त्याच्यापुढें माणसाचा आवाज कोठें फाटला, गिटारचा हात कोठें क्षणभर मागें राहिला, हें लख्ख कळतें. यंत्रानें संगीतांतून माणूस हांकून लावला, ही तक्रार सर्वत्र ऐकूं येते. या ध्वनिमुद्रिकेंत यंत्र अशा जागीं ठेविलें आहे कीं, त्याच्याशेजारीं माणूस अधिकच ओळखूं यावा.

तिच्यांत दोष नाहींत असें नव्हे. शब्द बहुतेक ठिकाणीं कळत नाहींत; कांहीं गाणीं आपलें म्हणणें मांडून झाल्यावरही चालूच राहतात. वेष्टनावर केन रसेल यांच्या १९८० च्या ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ या चित्रपटांतील, ज्वाळांत क्रूसावर टांगलेल्या आकृतींचें चित्र आहे. आंतील नाद इतका बोलका असतां त्या भेसूर चित्राची गरज नव्हती. सायंकाळीं दिवेलागणीला घरांत लावावी अशी ही चीजही नव्हे. परंतु जें रम्य नाहीं तें संगीत नाहीं, असा नियम केला तर ज्या लाखों लोकांचा दिवस भोंग्यानें उगवला व भोंग्यानें मावळला, त्यांच्या कानांत कायम राहिलेल्या नादाला कलेंत जागाच उरत नाहीं.

या वाद्यमेळाची पुढील हकीकत थोडी चमत्कारिक आहे. १९९६ च्या ध्वनिमुद्रिकेंत त्यांनीं माणूस ड्रमवादक आणून पाहिला, २००१ मध्यें दुसरा आणला. वादक दोघेही उत्तम. पण पूर्वींचा तो ताण कांहीं उतरेना. २००२ सालीं वाद्यमेळ मोडला. पुढें २००५ सालीं बर्मिंगहॅममधील लाँगब्रिज येथील मोटारींचा प्रसिद्ध कारखाना बंद पडला. २०१० मध्यें ब्रॉड्रिक आणि ग्रीन पुन्हां एकत्र आले, आणि २०११ सालीं हॉलंडमधील टिलबर्ग या गांवीं, ‘रोडबर्न’ महोत्सवांत, त्यांनीं ‘स्ट्रीटक्लीनर’ आरंभापासून शेवटपर्यंत लोकांपुढें वाजविली. रंगमंचावर दोन माणसें उभीं होतीं. विसांव्या वर्षीं आरोळी देणारा मुलगा आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ झाला होता. आणि ताल धरण्यास पूर्वींप्रमाणेंच यंत्र होतें.